निर्मळ दरवाज्यापलीकडे

पहाट झाली होती, पण पेकिंगच्या तटावरच्या पहारेकऱ्यांना सूर्य कोणत्या बाजूने वर आला ते कळले नाही. उत्तरेच्या वाळवंटावरून सुटलेला वारा पिवळी धूळ उधळत, डोंगरांतल्या खिंडी ओलांडून राजधानीवर येऊन आदळत होता. बुरुजांवरच्या निशाणांच्या चिंध्या झाल्या होत्या, खंदकाच्या पाण्यावर मातीची साय धरली होती, आणि ज्या राजवाड्याची सोनेरी कौले एरवी कोसभरावरून डोळे दिपवीत, तो राजवाडा त्या धुळीत बुडालेल्या गावासारखा पुसट झाला होता. वेळ सांगणारा नगारा हुजुरांच्या विश्रांतीसाठी बंद ठेवला होता. त्यामुळे त्या अफाट वाड्यातल्या माणसांना दिवस किती वर आला, हेही समजेनासे झाले होते. खोजे उगाच या दालनातून त्या दालनात जात होते. दासी एकमेकींकडे पाहून नजर चुकवीत होत्या.

जिंगआन बादशहा मृत्युशय्येवर होते. आणि बादशहा गेले की त्यांच्याबरोबर कोणी कोणी जायचे, हे त्या घराण्यात पूर्वीपासून ठरलेले होते.

रीत अशी होती की ज्या राणीला मूल नाही तिने स्वामींच्या मागे जगायचे नाही. तिला अखेरचे मिष्टान्न वाढले जाई, मग एका दालनात नेले जाई. तिथे तुळईला पांढऱ्या रेशमाचे फास टांगलेले असत आणि प्रत्येक फासाखाली एक लाकडी चौरंग मांडलेला असे. जाणारीच्या माहेराला वंशपरंपरागत मानमरातब मिळे, भाऊ सरदार होई, आणि ती स्वेच्छेने गेली असे भर दरबारात मोठ्याने पुकारले जाई. जिंगआन बादशहांच्या अंतःपुरात अशा सात जणी होत्या.

वेन रुओलान त्या सातांपैकी नव्हती. वायव्येच्या एका सरहद्दी किल्ल्याच्या किल्लेदाराची ही लेक, वयाने पस्तिशीकडे झुकलेली, रूपापेक्षा शांत स्वभावामुळे बादशहांच्या विश्वासातली. तिला एक मुलगी होती. या एका मुलीमुळे रीतीप्रमाणे तिच्या जिवाला धक्का नव्हता. महाराणी पूर्वीच निवर्तल्या होत्या, तेव्हा आजारात हुजुरांच्या उशाशी बसण्याचे काम रुओलानकडेच आले होते.

त्या सकाळी बादशहांनी डोळे उघडले. दालनात दोघेच होते, रुओलान आणि म्हातारे राजवैद्य शेन बोआन. दाराच्या पडद्याबाहेर सरखोजा काओ फेंग उभा होता.

"रुओलान," बादशहा म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "माझ्यामागून कोणी येऊ नये."

"हुजूर?"

"बायका. कोणीही नको. माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो. त्या दालनाच्या भिंतीपलीकडे मला बसवलं होतं. त्यांच्या राण्यांचं रडणं मी ऐकलं आहे. ते अजून जात नाही कानांतून." दम लागला म्हणून ते थांबले. "ही रीत माझ्यापाशी संपली. आणि दुसरं, काओला इथून काढा. दक्षिणेच्या राजधानीत पाठवा. युवराज पोरसवदा आहे. काओ त्याला बाहुलं करील."

लेखनिकांना बोलावणे गेले. पण ते शाई-कागद घेऊन धावत येईतो बादशहांची जीभ जड झाली होती. दुपार कलण्यापूर्वी त्यांचा श्वास थांबला. बादशहांचे अखेरचे शब्द दोन माणसांच्या कानांत राहिले, आणि पडद्याबाहेरच्या तिसऱ्याच्या.

काओ फेंग रुओलानला भेटला तो अंतःपुराच्या चौकात. पन्नाशीचा, नीटनेटका, आवाज कधीही न चढवणारा हा माणूस. तीस वर्षांत त्याने वाड्यातले प्रत्येक दार आपल्या हुकुमाने उघडावे आणि मिटावे, इतकी मजल मारली होती. त्याने कमरेत वाकून मुजरा केला.

"राणीसाहेबांचे डोळे सुजले आहेत. आता विश्रांती घ्यावी."

"काओ, हुजुरांचे शब्द तुम्हीही ऐकलेत."

"आजारी माणसाच्या तोंडून ताप बोलतो, राणीसाहेब. तापाचा हुकूम दरबारात चालत नाही."

"ते शुद्धीवर होते. शेन वैद्य साक्ष देतील."

"जरूर विचारावं त्यांना." काओने बाहीवरची धूळ हळुवार झटकली. "राजकन्या आता लग्नाच्या झाल्या. उत्तरेच्या खानाकडून पुन्हा मागणी आली आहे. वाळवंट, तंबू, घोडीचं दूध. दरबारात तो विषय अजून निघालेला नाही. मी निघू दिलेला नाही. राणीसाहेबांच्या मनात काही असेल तर या दुखवट्यात शांतपणे विचार करावा. एवढीच अर्जी."

तो पुन्हा वाकला आणि गेला. रुओलान चौकात उभी राहिली. धूळ तिच्या पापण्यांवर बसत होती. ज्या प्रदेशाचे काओ बोलत होता तो तिच्या ओळखीचा होता. बापाच्या किल्ल्याच्या तटावरून तिने तो लहानपणी रोज पाहिला होता, आणि तिकडे नवरी म्हणून गेलेली एकही मुलगी परत आलेली तिला आठवत नव्हती.

शेन वैद्य औषधांच्या खोलीत सापडले. तिने विचारताच त्यांनी आधी दार लावून घेतले.

"राणीसाहेब, मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला," ते म्हणाले. "पण हुजूर गेले ते माझ्या हातचं औषध घेतल्यावर. एवढं एकच वाक्य काओ दरबारात बोलले, तर माझ्या घरात पणती लावायला माणूस उरणार नाही. मला दोन सुना आहेत, नातवंडं आहेत. मला विचारू नका."

"आणि त्या सात जणी?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

तिथून ती राण्यांच्या दालनाकडे गेली. खरे तर तिला तिकडे जायचे नव्हते. पण आपल्या खोलीत मुलगी होती, आणि मुलीकडे पाहण्याचे बळ तिच्यात त्या वेळी नव्हते. राण्यांच्या दालनात विचित्र लगबग चालली होती. उद्याच्या सोहळ्यासाठी वस्त्रे काढली जात होती. एक जण सारखी हात धूत होती. हान-राणी, सातांत सर्वांत थोरली, आरशासमोर ताठ बसून दासीकडून केस विंचरून घेत होती. कोपऱ्यात सू यिंग बसली होती. दक्षिणेच्या कालव्याकाठच्या गावची ही मुलगी गेल्याच वर्षी वाड्यात आली होती, आणि बादशहांनी तिला एकदाच, तेही दुरून, पाहिले होते.

"ताई," सू यिंगने विचारले, "फार दुखतं का?"

रुओलानने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिने हान-राणीला बाजूला नेले आणि बादशहांचे शब्द सांगितले.

हान-राणीचा चेहरा हलला नाही. "हे कोणाला सांगू नका," ती म्हणाली.

"का?"

"माझा भाऊ आज एका फाटक्या चौकीवर शिपायांचा नाईक आहे. उद्यापासून तो सरदार होईल, त्याची मुलं सरदार होतील. वीस वर्षं या वाड्यात मी काय मिळवलं? ना मूल, ना माया. आता हे एक मिळतंय. तुम्हाला मुलगी आहे, तुम्ही जगणार. म्हणून तुम्हाला असलं काही सुचतं."

"आणि सू यिंग? तिच्याकडे पाहून बोला."

हान-राणीने पाहिले नाही. दासीच्या हातातली फणी घेऊन ती आपले केस आपणच विंचरू लागली.

त्या संध्याकाळी रुओलानने मुलीला जवळ घेतले, तिच्या वेणीतली गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मुलीने विचारले, "आई, तुला झालंय तरी काय?" ती म्हणाली, "वाऱ्याने डोकं दुखतंय." सात बायका एका पारड्यात आणि ही एक मुलगी दुसऱ्या पारड्यात, असा हिशेब तिने मनात अनेकदा मांडला, आणि दर वेळी मुलीचेच पारडे जड झाले. त्याची तिला लाज वाटली नाही. पण झोपही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतःपुरात अखेरच्या जेवणाची पाने मांडली गेली, आणि त्याच वेळी बाहेरच्या दरबारात युवराज, प्रधान आणि सारे मानकरी जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांत रांगा धरून उभे राहिले. या दोन जगांच्या मध्ये एक दरवाजा होता. त्याला निर्मळ दरवाजा म्हणत. अंतःपुरातल्या स्त्रीने तो ओलांडून दरबाराच्या बाजूला पाऊल टाकले तर शिक्षा देहांताची होती. उंबऱ्याच्या आत रुओलान कितीही ओरडली असती तरी तो आवाज काओच्या खोज्यांपलीकडे गेला नसता. ऐकणारे सगळे उंबऱ्याच्या बाहेर होते.

ती एकटी चालत आली. अंगावर पांढरे वस्त्र, केस मोकळे, दागिना एकही नाही. दरवाज्यावर भालेकऱ्यांची दुहेरी रांग होती. त्यांचा जमादार पुढे झाला आणि नजर जमिनीला लावून म्हणाला, "राणीसाहेब, इथून पुढे वाट नाही. माघारी व्हावं."

"मला दरबारात जायचं आहे."

"एक पाऊल पुढे टाकलंत तर माझ्या हातून गुन्हा घडेल."

"कोणता गुन्हा, जमादार? बादशहांच्या राणीच्या अंगाला परपुरुषाचा हात लागला तर त्याला काय शिक्षा आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच."

जमादाराला ते ठाऊक होते. सगळ्यांनाच ठाऊक होते. रुओलान पुढे निघाली. भाले आडवे झाले. ती थांबली नाही. तिच्या छातीला पाते टेकेल, इतक्यात पहिला भालेकरी मागे सरला. मग दुसरा. ज्या कायद्याने तिला वीस वर्षे भिंतींच्या आत ठेवले होते, त्याच कायद्याने आज तिच्या अंगाला हात लावायची कोणाला छाती होत नव्हती. रांग दुभंगत गेली. तिने उंचच उंच उंबऱ्यावर पाय ठेवला आणि पलीकडे उतरली.

बाहेरच्या पटांगणात वारा मोकाट होता. ती पायऱ्या उतरून येताना शेकडो माणसांनी पाहिली, आणि जो तो जागीच थिजला. पुरोहिताचे मंत्र अर्ध्यावर थांबले. युवराज शवपेटीसमोर उभे होते. सतरा वर्षांचे, रडून थकलेले. त्यांच्या डाव्या बाजूला काओ फेंग, हातात पुकारा करण्याची घंटा घेऊन.

"ही काय बेअदबी?" वृद्ध प्रधान फांग यांनी विचारले. "राणीसाहेब, आपण कुठे आहात याचं भान आहे ना?"

रुओलान गुडघ्यांवर बसली, कपाळ दगडाला टेकवले, आणि मान वर केली. "भान आहे. या पावलाची शिक्षा मी चुकवणार नाही. पण हुजुरांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या. त्या दरबाराच्या कानांवर घातल्याशिवाय मी परत गेले, तर तो याहून मोठा गुन्हा होईल."

काओचा चेहरा शांतच राहिला. फक्त घंटेवरची बोटे आवळली गेली.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली. "'माझ्यामागून कोणी येऊ नये. ही रीत माझ्यापाशी संपली.' हे हुजुरांचे शब्द आहेत. आत या क्षणी सात जणींना जेवू घालतात. ते जेवण थांबवावं."

पटांगणात कुजबूज उठली. प्रधान फांग म्हणाले, "पूर्वजांची रीत तोंडी बोलण्याने मोडत नाही. साक्षीदार कोण?"

"शेन वैद्य तिथे होते."

सगळे वैद्यांकडे वळले. शेन बोआन रांगेत उभे होते. त्यांनी एकदा रुओलानकडे पाहिले, एकदा काओकडे, आणि मग डोळे मिटून म्हणाले, "मी… मी औषध उगाळत होतो. मला काही ऐकू आलं नाही."

रुओलानने वैद्यांना दोष दिला नाही, मान त्यांच्याकडे वळवलीही नाही. काल रात्रभर ती याच क्षणाची तयारी करत होती. तिने आता सरळ काओकडे पाहिले.

"दुसरा साक्षीदार काओ फेंग. ते पडद्याबाहेर होते. त्यांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या. त्यांना पहिली आठवते का, ते विचारावं. दुसरी मी अजून सांगितलेली नाही. पहिलीचा निकाल लागल्यावर सांगेन."

काओला समजायला क्षणही लागला नाही. दुसरी गोष्ट त्याच्या हकालपट्टीची होती, आणि ती तिच्या ओठांवर होती. पहिली खोटी ठरवली तर ही बाई दुसरी इथेच, प्रधानांच्या आणि भावी बादशहांच्या समोर बोलणार. आणि काओला पाण्यात पाहणारी माणसे त्या रांगांत कमी नव्हती. हिला नाहीतरी मरायचे आहे, मग ही कशाला भिणार? पहिली खरी ठरवली, तर कदाचित दुसरी न बोलताच राहील. तो तिच्या डोळ्यांत पाहत राहिला. तिने पापणी हलवली नाही.

"काओ," युवराजांनी विचारले. त्यांचा आवाज चिरकला. "वडील असं म्हणाले होते?"

सरखोज्याने घंटा खाली ठेवली. गुडघे टेकले. "हुजुरांच्या दुःखाने मती गुंग झाली होती. म्हणून बोलायला उशीर झाला. होय, सरकार. या कानांनी ऐकलं."

युवराज प्रधानांच्या सल्ल्यासाठी थांबले नाहीत. स्वतःच वळून ओरडले, "आत धावा. थांबवा ते." त्यांनी दिलेली ती पहिली आज्ञा होती. खोजे निर्मळ दरवाज्याकडे पळत सुटले.

मग त्यांनी रुओलानला विचारले, "आणि दुसरी गोष्ट?"

आतापर्यंत ती खरेच बोलली होती. तिच्यासमोर काओ गुडघ्यांवर होता, आणि एका वाक्यात तिला त्याला संपवता आले असते. पण त्याने आपला शब्द फिरवला, पहिलीही खोटी म्हटली, तर त्या सात जणींचे काय, हे तिला सांगता येत नव्हते. आणि तिच्या मनात तिची मुलगी होती.

"दुसरी गोष्ट घरातली होती," ती म्हणाली. "राजकन्येचं लग्न राजधानीबाहेर करू नये, असं हुजूर म्हणाले. काओ साक्ष देतील."

काओने मान वर केली. कदाचित त्याच्या आयुष्यात प्रथमच त्याने कोणाकडे आदराने पाहिले असेल. "होय," तो म्हणाला. "तेही ऐकलं."

मेलेल्या बादशहांच्या नावाने ती खोटे बोलली होती, आणि हे त्या पटांगणात दोन माणसांना ठाऊक होते. तिसरे शेन वैद्य, पण ते आता काही बोलणार नव्हते.

खोजे दालनात पोचले तेव्हा जेवणे उरकली होती. थोरलेपणाच्या मानाने हान-राणी पहिल्या चौरंगावर चढली होती आणि रेशीम तिच्या गळ्याभोवती होते. तिला खाली उतरवताना तिने दोन खोज्यांना ओरबाडले. बाकीच्या सहा जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना हुकूम वाचून दाखवला तरी कितीतरी वेळ त्यांतली एकही उठली नाही. शेवटी सू यिंगने पाणी मागितले.

कायदा मात्र कायदा होता. निर्मळ दरवाजा ओलांडणाऱ्या स्त्रीला सोडले तर उद्या त्या दरवाज्याला अर्थ काय, असे प्रधान फांग यांनी विचारले, आणि नव्या बादशहांना उत्तर सुचले नाही. त्यांनी देहांत माफ केला. एवढेच त्यांच्या हाती होते. वेन रुओलानने दिवंगत बादशहांच्या समाधीपाशी, राजधानीबाहेरच्या डोंगरात, जन्मभर राहावे असा निकाल झाला. निरोपाला मुलीला भेटू देण्यात आले. आपण पुन्हा दिसणार नाही, हे तिने मुलीला सांगितले, आणि तुझे लग्न इथेच होईल, हेही सांगितले. मुलीने रागाने पाठ फिरवली. तो राग उतरायला पुढे बरीच वर्षे लागली.

काओ फेंग आपल्या जागी राहिला. बादशहांनी ज्याची भीती व्यक्त केली होती तेच झाले. त्या सरखोज्याने तरुण बादशहांना पुष्कळ वर्षे आपल्या तंत्राने चालवले, भल्या माणसांना देशोधडीला लावले, आणि शेवटी अंथरुणातच, वयोमानाने मेला. त्या भल्या माणसांतल्या कित्येकांच्या कहाण्या समाधीवरच्या पहारेकऱ्यांकडून रुओलानच्या कानांवर येत. अशी बातमी येई तेव्हा ती जेवत नसे. त्या दिवशी पटांगणात आपण एक वाक्य गिळले, याचा हिशेब तिने कोणापाशी बोलून दाखवला नाही, आणि स्वतःशी तो कधी पुरा केला नाही.

ती म्हातारी झाली. दर वसंतात पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा दिवस येई, तेव्हा वाड्यातून मिरवणूक येई आणि पूजा आटोपून परत जाई. एके वर्षी पालख्यांतून एक पांढऱ्या केसांची स्त्री उतरली आणि काठी टेकत पाइनच्या झाडांतून रुओलानच्या खोपटाकडे आली. हान-राणी होती ती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आली होती.

रुओलानने तिला बसायला चटई दिली, चहा दिला.

"मी तुम्हाला क्षमा केलेली नाही," हान-राणी म्हणाली. "माझा भाऊ नाईकच राहिला. नाईकच मेला."

"ठाऊक आहे मला."

"त्याच्या नातीला यंदा अंतःपुरात घेतलं. देखणी आहे. घाबरट आहे." तिने चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला. "पहिल्या दिवशी तिला वाड्याच्या रीती सांगायचं काम माझ्याकडे आलं. कसं वाकायचं, कसं बोलायचं, सगळं सांगितलं."

"आणखी काय सांगितलंत?"

हान-राणी काठीच्या आधाराने उठली. पालखीकडे निघताना, मागे न वळता ती म्हणाली, "सांगितलं, म्हातारी होण्याची तयारी ठेव."